चांदीच्या रुपयावरचा रंग: आपोआप चढलेला की मुद्दाम चढवलेला?

बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत देव्हाऱ्यात किंवा कपाटाच्या चोरखणात अजूनही एखादा राणीछाप रुपया निघतो. नशीब जोरावर असेल तर तिसऱ्या सयाजीराव महाराजांचाही निघतो: विक्रम संवत १९५०च्या (इ.स. १८९३च्या) आसपास यंत्रावर पाडलेला, एका बाजूला महाराजांची छबी, दुसऱ्या बाजूला तलवार. टांकसाळीतून बाहेर पडताना हे सगळे रुपये पांढरेशुभ्र होते. आज बहुतेक करडे किंवा काळपट झाले आहेत. मोजक्यांवर मात्र सोनेरी, किरमिजी, निळ्या रंगांची झाक चढलेली असते. संग्राहक तिला ‘टोनिंग’ म्हणतात आणि सुरेख टोनिंगसाठी जास्त पैसे मोजतात. साहजिकच असा रंग घरबसल्या चढवून देणारेही आहेत. म्हणून बडोद्यातल्या घड्याळी पोळात एखाद्या दुकानात किंवा एखाद्या प्रदर्शनात रंगीत रुपया हातात आला, तर त्याचा रंग मुळात कसा तयार होतो हे ठाऊक असलेलं बरं.

चांदीला ऑक्सिजनचं फारसं वावडं नाही, तिचं खरं वैर गंधकाशी आहे. हवेत हायड्रोजन सल्फाइडसारखे गंधकयुक्त वायू अत्यल्प प्रमाणात असतात. गटारातून, कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यातून, इंधन जळण्यातून ते येतात. दमट हवेत त्यांची चांदीशी प्रक्रिया होऊन सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. हा थर बाहेरून येऊन चिकटलेला मळ नव्हे. त्याच्या वजनातला सुमारे ८७ टक्के भाग चांदीचाच असतो, आणि ती चांदी नाण्याच्या पृष्ठभागातूनच आलेली असते. ‘काळा पडलाय, उजळून घेऊ’ म्हणून रुपया द्रावणात बुडवला की ती कायमची जाते.

सिल्व्हर सल्फाइड खरं तर काळपट. मग निळा-जांभळा रंग येतो कुठून? थर फार पातळ, दहा नॅनोमीटरच्या काही पटींचाच (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) असतो तेव्हा प्रकाशाचा काही भाग थराच्या वरच्या पृष्ठावरून परततो आणि काही भाग खालच्या चांदीवरून. हे दोन्ही किरण पुन्हा एकत्र येतात तेव्हा काही तरंगलांबींचा प्रकाश एकमेकांना मारक ठरतो. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर रंग दिसतात, तेही याच कारणाने. थर अगदी पातळ असताना सर्वांत आखूड तरंगलांबीचा, म्हणजे जांभळा-निळा प्रकाश आधी बाद होतो आणि नाणं पिवळं-सोनेरी दिसतं. थर वाढला की हिरवा बाद होतो आणि किरमिजी झाक येते. आणखी वाढला की तांबडा जातो आणि निळा उरतो. त्यानंतर रंग फिका पडतो आणि दुसरं आवर्तन सुरू होतं. स्वच्छ हिरवा रंग दिसतो तो या दुसऱ्या आवर्तनापासून पुढे, कारण तेव्हा तांबडा आणि निळा दोन्ही एकदम बाद होऊ शकतात. थर जाडच होत गेला की शेवटी काळेपणा.

रंगांचा हा क्रम थराच्या जाडीवर ठरतो. १८३९ साली जाहीर झालेल्या डॅगेरोटाइप छायाचित्रणात चांदीच्या पत्र्याला आयोडिनची वाफ देत. तिथला थर सिल्व्हर आयोडाइडचा, पण पत्रा सोनेरी झाला की गुलाबी, हे बघूनच कारागीर थराची जाडी ओळखत.

रंगीत रुपया पाहताना मी सर्वांत जास्त भरवसा या क्रमावर ठेवतो. नैसर्गिक टोनिंग बहुधा कडेपासून सुरू होतं, कारण पाकिटात किंवा पुठ्ठ्याच्या अल्बममध्ये ठेवलेल्या नाण्याच्या कडेला हवा आणि कागदातला गंधक आधी पोहोचतो. त्यामुळे कडेला निळा, आत किरमिजी, मग सोनेरी आणि मध्यभागी पांढरी चांदी, असे रंग एकमेकांत विरघळत जातात. उठावाच्या अक्षरांना लागून बहुतेकदा फिकट रंगाची बारीक रेघ राहते, कारण अक्षरांमुळे कागद तिथल्या पृष्ठभागाला टेकत नाही. कडेचा गडद निळा मधले टप्पे गाळून एकदम पांढऱ्या चांदीला भिडत असेल, किंवा पिवळ्याचा मागमूस नसताना भडक किरमिजी आणि हिरव्याचे ठिपके पडले असतील, तर शंका घ्यावी. रबरबँडची काळी रेघ मात्र खरी असू शकते. रबर टिकाऊ करताना त्यात गंधक मिसळतात, आणि नाण्यांची गड्डी वर्षानुवर्षं रबरात बांधून ठेवणारे आपल्याकडे काही कमी नाहीत.

नकली रंग चढवायला पोटॅशियम सल्फाइडचं द्रावण, गंधकाची पूड, उकडलेली अंडी, भट्टीची उष्णता, काहीही वापरतात. वर्षांचं काम तासांत उरकायचं असल्याने थर सगळीकडे सारखा बसत नाही. कुठे ओघळ दिसतात, कुठे खोलगट भागात रंग साचतो.

दुसरी खूण रंगाखालची. ठशाच्या दाबाखाली धातू केंद्राकडून कडेकडे सरकतो, त्याच्या सूक्ष्म रेषा उरतात आणि न वापरलेलं नाणं दिव्याखाली फिरवलं की त्यावर प्रकाशाचे पट्टे फिरतात. पातळ नैसर्गिक थरातूनही ही चमक दिसते. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला रुपये चिंचेने, राखेने घासून लखलखीत करण्याची रीत आहे. श्रद्धा आपल्या जागी, पण त्या घासण्याने या रेषा पुसल्या जातात आणि बारीक ओरखडे उमटतात. असे घासलेले रुपये खपवण्यासाठी त्यांच्यावर रंग चढवणं हा बाजारातला जुनाच मार्ग. दहापट भिंग घेऊन दिवा तिरका धरा. चमक मेलेली आणि रंगाखाली ओरखडे असतील, तर तो रुपया निदान न हाताळलेला म्हणून तरी घेऊ नये.

शाई किंवा लाखेचा रंग शुद्ध ॲसिटोनमध्ये न घासता बुडवल्यावर सहसा निघून येतो. सल्फाइडचा थर निघत नाही. पण तो टिकला म्हणून रंग नैसर्गिक ठरत नाही, कारण अंड्याच्या वाफेने बसलेला थरही सिल्व्हर सल्फाइडचाच असतो. रासायनिक तपासणीत तो कपाटात पन्नास वर्षांत बसला की डब्यात एका रात्रीत, हे कळायला सोपा मार्ग नाही. म्हणूनच पीसीजीएस, एनजीसी यांसारख्या नाणी प्रमाणित करणाऱ्या संस्थाही शेवटी अनुभवी नजरेवर विसंबतात आणि काही नाण्यांवर ‘रंग शंकास्पद’ असा शेरा मारून थांबतात.