इंका ट्रेलचा परवाना: आपल्या लोकांचे अर्ज नेमके कुठं अडतात

पावसाळ्यात पन्हाळा–पावनखिंड चालणारी मंडळी हल्ली इंका ट्रेलबद्दल विचारायला येतात. पेरूमधली चार दिवसांची, साधारण ४३ किलोमीटरची वाट आणि शेवटी इंका लोकांचं पंधराव्या शतकातलं प्राचीन शहर, माचू पिचू. पायांची तयारी असते हो, अडतं ते कागदावर.

परवाना स्वतःचा स्वतः काढता येत नाही, तिथल्या परवानाधारक ट्रेक कंपनीमार्फतच मिळतो. रोज फक्त ५०० माणसांना सोडतात, आणि त्यात गाईड, हमाल, आचारी सगळे मोजतात. ट्रेकरच्या वाट्याला जेमतेम २०० जागा येतात. पुढच्या वर्षाचं बुकिंग साधारण ऑक्टोबरच्या सुमारास खुलं होतं. आपल्याकडं सुट्टीचा विषय निघतो पोरांच्या परीक्षा जवळ आल्यावर. मार्चमध्ये मे महिन्याच्या जागा मागायच्या म्हणजे गाडी सुटल्यावर स्टँडवर पोचण्यासारखं, कारण मे ते सप्टेंबर हाच तिथला कोरडा हंगाम. फेब्रुवारीत वाट दुरुस्तीसाठी बंद असते. माचू पिचू तेव्हाही उघडं असतं, म्हणून तिथलं नुसतं प्रवेश तिकीट काढून ‘बुकिंग झालं’ म्हणणारेही भेटतात. त्या तिकिटावर ट्रेल चालता येत नाही.

आता पासपोर्ट. परवाना नावावर आणि पासपोर्ट नंबरवर निघतो, आणि वाटेच्या सुरुवातीच्या चौकीवर मूळ पासपोर्टशी ताडून बघतात. झेरॉक्स चालत नाही. गटातला एक गळाला म्हणून त्याच्या जागी मेहुण्याला घुसवणं इथल्या सहलीत खपतं, तिथं नाही, आणि पैसेही परत मिळत नाहीत. आमच्याच गटातल्या एका वहिनींच्या पासपोर्टवर माहेरचं नाव होतं, त्यांनी फॉर्मवर सासरचं भरलं. दिसायला एवढीशी चूक, पण ती निस्तरताना आठवडाभर सगळ्यांची झोप उडाली. तेव्हा मुदत संपत आली असेल, नाव बदलायचं असेल, तर आधी नवा पासपोर्ट हातात घ्या. बुकिंग त्यानंतर.

व्हिसाचं थोडक्यात: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) व्हिसा असेल आणि त्याची मुदत किमान सहा महिने शिल्लक असेल, तर पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही. ‘शिल्लक’ हा शब्द नीट वाचा. चार महिने उरलेला व्हिसा दाखवून उपयोग नाही. असा व्हिसा नसेल, तर अर्ज दिल्लीच्या दूतावासाकडं. विमान अमेरिकेत बदलणार असेल, तर नुसतं तिथून पुढं जायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. स्वस्त तिकीट दिसलं की हे कुणी बघत नाही.

आणि जो कागद कुणाकडंच नसतो तो म्हणजे यलो फीव्हरच्या (डासांमुळं पसरणाऱ्या पीतज्वराच्या) लशीचं पिवळं कार्ड. एजंट सांगतो, ‘पेरूत मागत नाहीत.’ त्याचं खरं आहे. मागतो तो आपलाच देश, परत येताना. पेरू त्या रोगाच्या देशांच्या यादीत आहे, आणि कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. एवढी मोठी अट तिकीट काढताना एका ओळीत सांगायला काय जातं, देव जाणे.

ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते. आधी अपॉइंटमेंट घ्या, मग महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री निघून सकाळी मुंबई गाठा. मूळ पासपोर्ट बरोबर ठेवा, कारण कार्डावरही त्याचाच नंबर घालतात. कार्ड लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं, आणि पुढं आयुष्यभर चालतं. अंड्याची ॲलर्जी असेल किंवा वय साठीच्या पुढं असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला.

डॉक्टरांकडं जाताच आहात, तर उंचावरच्या विरळ हवेच्या त्रासाचंही विचारून घ्या. पन्हाळा हजार मीटरही भरत नाही, आणि त्या वाटेवरची सर्वांत उंच खिंड ४,२०० मीटरच्या वर आहे. हवेची सवय व्हायला ट्रेलच्या आधी कुस्को या तिथल्या उंचावरच्या शहरात दोन-तीन दिवस नुसते काढायचे, ते दिवस धरूनच परतीचं तिकीट काढा.