घंटा, दोर आणि ५०४० ओळी

इंग्लंडमधल्या एखाद्या गावात रविवारी सकाळी चर्चच्या मनोऱ्यातून घंटा वाजायला लागल्या की नवख्या माणसाला वाटतं, काहीतरी चाल चालू आहे, आपल्यालाच ओळखता येत नाही. जरा वेळ उभं राहून ऐकलं की कळतं, चाल नाहीच. बारीक आवाजापासून खर्जापर्यंत उतरत जाणारी एक ओळ वाजते, मग तीच ओळ थोडी विस्कटून, मग आणखी विस्कटून. वाजतंय ते गणित आहे. घंटानादाचं असं गणित कसं झालं, याचं उत्तर धर्मशास्त्रापेक्षा सुतारकामात जास्त सापडतं.

आपल्या देवळातली घंटा जागची हलत नाही, हलतो तो लोलक. १७३९ च्या वसई मोहिमेनंतर पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठी मुलखात आल्या. त्यातली १७०७ सालची, मेरी आणि बाळ येशू कोरलेली घंटा वाईजवळ मेणवलीच्या घाटावर आहे. तीही आपण आपल्याच रीतीने टांगली. इंग्लंडात मात्र अख्खी घंटा झुलते. आधी ती आडव्या दांडीला दोर बांधून झुलवत. मग दांडीच्या जागी अर्धं चाक आलं आणि सतराव्या शतकात पूर्ण चाक रुळलं. चाकामुळे घंटा झोके देत देत इतकी वर चढवता येऊ लागली की तिचं तोंड आकाशाकडे होऊन ती तोलून उभी राहते. दोर ओढला की ती पूर्ण गिरकी घेते, एक टोल पडतो आणि ती पुन्हा तोंड वर करून थांबते. पुढच्या ओढीला गिरकी उलट दिशेने.

सगळी गोम या तोलात आहे. अर्धा टन, एक टन वजनाच्या घंटेला मध्येच थांबवता येत नाही. तोलून उभी असताना क्षणभर धरून ठेवली तर टोल किंचित उशिरा पडतो, तोल यायच्या आतच परत ओढली तर किंचित लवकर. वाजवणाऱ्याच्या हातात एवढंच. म्हणजे रांगेतली घंटा पुढच्या फेरीत फार तर एक जागा पुढे किंवा मागे सरकणार. अशा घंटांवर चाल वाजवायची कशी? मग वाजवणाऱ्यांनी क्रम बदलण्याचाच खेळ केला. सहा घंटा असतील तर १२३४५६, पुढची फेरी २१४३६५, त्यापुढची २४१६३५. पहिल्या घंटेवर नजर ठेवा: एकेक जागा ओलांडत ती मागे चालली आहे. शेवटी पोचली की तशीच परत फिरते. आणि नियम एकच, कडक: एकदा वाजलेली ओळ पुन्हा वाजता कामा नये.

सात घंटांच्या अशा ओळी होतात ५०४०. हा आकडा आपल्या मातीत जुना आहे. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकरा’त सात स्वरांच्या ५०४० तानांचा हिशेब मांडला, आणि कितवी तान कोणती हे शोधायला खंडमेरू नावाचं कोष्टकही दिलं. मेरुखंडाची, म्हणजे स्वरांचे क्रम फिरवत गाण्याची, गायकी ऐकलेल्यांना वेगळं सांगायला नको. फरक इतकाच की गवयाचा गळा सा वरून थेट नी वर उडी मारू शकतो. घंटेला ती मुभा नाही, म्हणून इंग्रजांना रांग लावण्याची निराळी युक्ती शोधावी लागली. शेजारच्या दोघांचीच अदलाबदल करत सगळे क्रम काढण्याची ही रीत संगणकशास्त्राने विसाव्या शतकात नव्याने शोधली. तोवर घंटावाले ती तीनशे वर्षं वाजवत होते.

सुरुवातीला यात भक्तीचा भाग थोडाच होता. सतराव्या शतकातल्या तरुणांचा हा विरंगुळा, थोडा व्यायाम, थोडी बुद्धीची चढाओढ. लंडनचं ‘कॉलेज यूथ्स’ मंडळ आपली स्थापना १६३७ ची सांगतं. १६६८ मध्ये या विषयावरचं पहिलं पुस्तक छापलं गेलं. त्याचा प्रकाशक फॅबियन स्टेडमन पेशाने छापखान्यातला, आणि १६७७ मध्ये त्याने स्वतःचंही पुस्तक काढलं. त्याच्या नावाची क्रमबदलाची रचना आजही वाजते. २ मे १७१५ रोजी नॉर्विचच्या सेंट पीटर मॅनक्रॉफ्ट चर्चमध्ये ५०४० ओळी एकही चूक न करता पूर्ण झाल्या. तीन तासांहून अधिक वेळ, समोर कागद नाही, सगळं तोंडपाठ. आठ घंटांच्या साऱ्या ४०,३२० ओळी माणसं न बदलता वाजवायला मात्र १९६३ साल उजाडलं. लफबरोच्या घंटा ओतणाऱ्या कारखान्यात आठ जणांनी सुमारे अठरा तास दोर सोडला नाही.

दरम्यान धर्मगुरू आणि घंटावाले यांचं फाटलं होतं. राजाचा वाढदिवस, लढाईतला विजय, पाच नोव्हेंबरचा (राजाला उडवण्याचा कट फसल्याचा) उत्सव, जो पैसे देईल त्याच्यासाठी घंटा वाजायच्या आणि पैसे बिअरमध्ये जायचे. मनोऱ्यातल्या खोलीत बिअरचा भला मोठा मातीचा कुंभ ठेवलेला असे. खाली प्रार्थना सुरू झाली की वरची मंडळी गुत्त्याकडे. बिटन गावचे धर्मगुरू एलाकोम्ब यांनी वैतागून १८२१ मध्ये हातोड्यांची एक चौकट बसवली. स्थिर टांगलेल्या घंटांवर एकट्या माणसाने दोऱ्या ओढून टोल द्यायचे. मंडळींचं कामच संपलं! आवाज मात्र खुळखुळ्यासारखा यायचा, हे माझंच नाही, तिथल्या जाणकारांचंही मत.

शेवटी समेट झाला तो व्हिक्टोरियन काळात. चर्चच्या अंतर्गत सुधारणेची लाट मनोऱ्यापर्यंत पोचली, १८७० नंतर जिल्ह्याजिल्ह्यांत संघ निघाले आणि १८९१ मध्ये सर आर्थर हेवूड यांच्या पुढाकाराने मध्यवर्ती परिषद उभी राहिली. आजचं पॅरिशचं, म्हणजे गावातल्या चर्चचं, घंटामंडळ याच काळात घडलं: निवडलेला कप्तान, आठवड्यातली सरावाची एक संध्याकाळ, रविवारची सेवा, उन्हाळ्यात दुसऱ्या गावांचे मनोरे वाजवायची सहल. सरावानंतरचा पब तेवढा कुणाला सुधारता आला नाही. बायकांना मात्र वाट पाहावी लागली. ॲलिस व्हाइट यांनी १८९६ मध्ये पूर्ण पील (पाच हजार किंवा अधिक ओळींची अखंड फेरी) वाजवली, ती कोणा स्त्रीने वाजवलेली पहिली.

तीच लाट पुण्यालाही लागली. गुरुवार पेठेतलं पंचहौदचं पवित्र नाम देवालय १८८५ चं. चर्चपासून सुटा उभा असलेला त्याचा उंच मनोरा आणि त्यातल्या इंग्लंडहून आणलेल्या आठ घंटा हे त्या काळच्या उत्साहाचंच रूप. पुणेकरांना पंचहौद आठवतो तो १८९० मधल्या चहामुळे आणि टिळक-रानड्यांना भोवलेल्या ग्रामण्यामुळे, घंटांमुळे नव्हे.

पहिल्या महायुद्धात सुमारे १,४०० घंटावादक मारले गेले. जून १९४० मध्ये ब्रिटनमधल्या सगळ्या घंटा बंद झाल्या, कारण शत्रू उतरला तरच त्या वाजायच्या होत्या. नोव्हेंबर १९४२ मध्ये इजिप्तमधल्या अल् अलामेनच्या लढाईतल्या विजयासाठी त्या एक दिवस बोलल्या, १९४३ मध्ये बंदी उठली. २०१८ मध्ये पहिल्या महायुद्धाच्या समाप्तीच्या शताब्दीनिमित्त त्या १,४०० जागा भरायला नवी माणसं हवीत असं आवाहन झालं, तेव्हा त्याहून कितीतरी जास्त लोक आले.

नवशिक्याला पहिले काही आठवडे रचना वगैरे काही शिकवत नाहीत. दोराच्या टोकाशी उभं करतात. दोरावर लोकरीचा रंगीत जाड पट्टा असतो, त्याला ‘सॅली’ म्हणतात. एक ओढ सॅलीला, एक टोकाला. गुरू अर्धं काम करतो, शिष्य अर्धं. ‘ती निघाली’ अशी हाक देऊन सुरुवात होते. घंटा त्यांच्याकडेही स्त्रीलिंगीच. जोर जास्त झाला की घंटा तोलाच्या पलीकडे जाते आणि तिला अडवणारी ॲश लाकडाची दांडी कडकन मोडते. ती मोडण्यासाठीच असते, म्हणजे चौकट वाचते. अशा वेळी दोर सोडून द्यायचा, नाहीतर माणूसही वर जातो. बहुतेक मनोऱ्यांच्या कोपऱ्यात नवी दांडी आधीच कापून ठेवलेली असते.