झुंबराच्या लोलकातील रंग

गोव्यातील मंगेशी किंवा कवळे येथील देवळांच्या सभामंडपात आपण हंड्या-झुंबरांकडे मान वर करून पाहतो, तेव्हा शाळेच्या पुस्तकातला ‘लोलक’ डोक्यावरच लोंबत असतो, कारण झुंबराच्या पैलूदार काचांनाही आपण लोलकच म्हणतो. सकाळचे तिरपे ऊन अशा एखाद्या लोलकावर पडले की जवळच्या खांबावर रंगीत पट्टा उमटतो. मध्ये तळहात धरला, तर तो हातावर येतो: एका कडेला तांबडा, दुसऱ्या कडेला जांभळा आणि मधे घोकून पाठ झालेले ‘तानापिहिनिपाजा’मधले बाकीचे रंग. हात लोलकाच्या अगदी जवळ नेला, तर मात्र मधला भाग पांढराच राहतो आणि रंग फक्त कडांना दिसतात. मला ही गोष्ट पट्ट्याहूनही मोलाची वाटते. काच उजेडाला रंगवत असती, तर तो बाहेर पडताक्षणीच रंगीत दिसला असता. प्रत्यक्षात निरनिराळ्या दिशांनी निघालेले रंग सुरुवातीला एकमेकांवर पडून पांढरे दिसतात आणि अंतर वाढेल तसे सुटे होतात.

1666 साली आयझॅक न्यूटनने अंधाऱ्या खोलीत लहानशा भोकातून ऊन घेऊन ते लोलकातून पाठवले. 22 फुटांवरच्या भिंतीवर त्याला गोल कवडसा अपेक्षित होता. उमटला तो रुंदीच्या पाचपट लांब पट्टा. लोलकातून रंग दिसतात हे आधीही ठाऊक होते, पण काचेमुळे उजेडच बदलतो अशी समजूत होती. न्यूटनने पट्ट्यातील एकेक रंग छिद्रातून वेगळा काढून दुसऱ्या लोलकातून नेला, तेव्हा तांबडा तांबडाच राहिला, जांभळा जांभळाच, आणि जांभळा याही वेळी तांबड्याहून अधिक वळला. पांढरा प्रकाश हेच मिश्रण आहे, असे त्याने 1672 मध्ये रॉयल सोसायटीला पत्राने कळवले.

निर्वात पोकळीत सर्व रंग सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर वेगाने जातात. काचेत हा वेग 2 लाखांच्या आसपास येतो, पण सर्वांचा सारखा नाही. काचेतील इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर हेलकावतात. त्यांचा स्वतःचा ताल अतिनील भागातला असल्यामुळे त्याच्या जवळचा जांभळा त्यांना तांबड्यापेक्षा अधिक हलवतो, म्हणून तोच अधिक मंदावतो, आणि तिरप्या पृष्ठभागावर अधिक वळतोही तोच. साध्या काचेचा अपवर्तनांक, म्हणजे पोकळीतला वेग काचेतल्या वेगाच्या किती पट आहे तो आकडा, तांबड्यासाठी सुमारे 1.51, तर जांभळ्यासाठी 1.53 असतो, खांबावरचा सारा पट्टा एवढ्याशा फरकावर उभा आहे.

मग घराच्या खिडकीच्या काचेतून येणारे ऊन पांढरे कसे? तिथेही रंग फाकतातच, पण काचेच्या दोन्ही बाजू समांतर असल्याने पहिल्या बाजूने जेवढे वळवले तेवढेच दुसरी उलट वळवते, आणि सर्व रंग समांतर निघून एकमेकांत मिसळतात. जुन्या घरातल्या आरशाची कड तिरपी घासलेली असेल, तर मात्र सकाळच्या उन्हात त्या बोटभर रुंदीच्या पट्टीतून समोरच्या भिंतीवर रंग उतरलेले दिसतात.