सेंद्रिय की रेसिड्यू फ्री? द्राक्षाच्या पेटीवरचा घोळ

फेब्रुवारीत कोथरूडच्या आठवडे बाजारात द्राक्षाच्या पेट्या लागल्या की एक संवाद हमखास कानावर पडतो. "सेंद्रिय आहेत ना, दादा?" "ताई, रेसिड्यू फ्री आहेत." ताई समाधानानं मान डोलावतात आणि दोन किलो घेऊन जातात. विचारलं एक, मिळालं दुसरं. आणि खोटं मात्र कुणीच बोललेलं नसतं.

सेंद्रिय हे पिकवण्याच्या पद्धतीचं नाव आहे. युरिया, डीएपी, रासायनिक कीटकनाशक, तणनाशक, जनुकीय बदल केलेलं बियाणं हे सगळं बाद. तेही एका हंगामापुरतं नाही. केंद्र सरकारच्या 'एनपीओपी' (राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम) या 2001 सालच्या कार्यक्रमानुसार हंगामी पिकासाठी पेरणीआधी साधारण 2 वर्षं, तर द्राक्ष-आंब्यासारख्या बहुवर्षीय पिकासाठी पहिल्या काढणीआधी साधारण 3 वर्षं जमीन अशी सांभाळावी लागते. तपासनीस येतो तो फवारणीच्या नोंदी, खतांची बिलं, शेजारच्या शेताशी असलेला बांध बघायला. प्रमाणपत्राचा दुसरा रस्ता 'पीजीएस'चा, म्हणजे सहभागी हमी पद्धतीचा. त्यात आसपासचे शेतकरी गट करून एकमेकांची शेतं तपासतात. गावात कोण रात्री गुपचूप काय मारतं हे शेजाऱ्याइतकं कुणाला ठाऊक असणार, त्यामुळे मला ही पद्धत वाटते तितकी भाबडी वाटत नाही.

रेसिड्यू फ्री म्हणजे फळात शेवटी काय उरलं, एवढ्यापुरती गोष्ट. इथे शेतकरी रासायनिक औषध मारतो. (विषाला 'औषध' म्हणायची आपली जुनी रीत.) फक्त शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठरलेले दिवस सोडतो, काढणी जवळ आली की जैविक औषधांवर येतो आणि मग नमुना लॅबला पाठवतो. अहवालात प्रत्येक औषधाच्या अंशासाठी बहुधा 0.01 मिलिग्रॅम प्रतिकिलो ही कमाल रेषा धरलेली असते. हिशेब करून बघा: दहा टनी दहा ट्रक द्राक्षांत मिळून एक ग्रॅम.

ही शिस्त आपल्याकडे आली ती मुख्यतः निर्यातीमुळे. 2010 साली युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले आणि माल अडकला. वेलीची वाढ रोखण्यासाठी वापरायचं हे संजीवक. बागायतदार त्याला 'लिहोसीन' म्हणून ओळखतात. निर्यातीच्या द्राक्षांतल्या अशा अंशांवर देखरेख ठेवणारी राष्ट्रीय प्रयोगशाळा पुण्याजवळच, मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रात आहे.

आता खरा घोळ. सेंद्रिय म्हणजे 'फवारणीच नाही' असं बरेच जण धरून चालतात. तसं नसतं. वेलीवरच्या डावणी रोगासाठी मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण, भुरी रोगासाठी गंधक, किडीसाठी निंबोळी अर्क हे सेंद्रियातही मर्यादेत चालतं. डावणी पसरली तर आठवड्यात बाग हातची जाऊ शकते. नुसत्या जीवामृतावर (शेण-गोमूत्राचं द्रावण) ती वाचेल असं सांगणाऱ्यानं ऑक्टोबर छाटणीनंतरचा अवकाळी पाऊस एकदा बांधावर उभं राहून बघावा.

उलट बाजूनं, रेसिड्यू फ्री अहवालात युरियाचा उल्लेखही नसतो. ती तपासणी कीटकनाशकांची, खतांची नव्हे. मातीचं काय झालं, विहिरीत नायट्रेट किती उतरलं, हे त्या कागदाला माहीत नसतं. तर अस्सल सेंद्रिय बागेतल्या फळातही शेजारच्या फवाऱ्याचा वाऱ्यानं आलेला अंश सापडू शकतो. म्हणजे सेंद्रिय माल लॅबमध्ये नापास आणि रासायनिक माल पास, असंही होऊ शकतं.

सेंद्रियाला सरकारी शिक्का आहे. रेसिड्यू फ्रीला तशी सरकारी मोहर नाही, तिथे सगळी भिस्त अहवालावर. म्हणून अहवाल कोणत्या तारखेचा आणि कोणत्या प्लॉटचा, हे विचारावं. मागच्या वर्षीचा कागद प्लास्टिकमध्ये घालून टांगलेला मी पाहिला आहे. मीठ-सोड्याच्या पाण्यात धुण्यावरही फार विसंबू नये. सालीवरचं औषध काही प्रमाणात जातं, आंतरप्रवाही, म्हणजे वेलीत आतपर्यंत भिनणारं औषध गरात असतं.

माझ्यापुरतं सांगायचं तर द्राक्षं मी ताजा अहवाल बघून रेसिड्यू फ्री घेते, कारण पोटात काय जातं ही तिथली माझी मुख्य चिंता. ज्वारी, हरभरा, तूर मात्र पीजीएस गटाकडून सेंद्रिय. तिथे जास्तीचे पैसे मी दाण्यासाठी कमी आणि जमिनीसाठी जास्त मोजते. गेल्या रविवारी एका दादांकडे अहवाल मागितला, तर त्यांनी मोबाइलवर काढून दाखवला आणि हसून म्हणाले, "ताई, सकाळपासून तुम्हीच पहिल्या. बाकी सगळे गोड आहेत का, एवढंच विचारतात."