संत्र्याची तहान आकाशातून मोजताना

डिसेंबर लागला की वरूड-मोर्शीकडच्या संत्रा बागांत ओलीत बंद होतं. विहिरीत पाणी असलं तरी झाडाला द्यायचं नाही. आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणारा फुलोरा, धरायचा तर झाडाला पाण्याचा ताण बसावाच लागतो. वाढ थांबते, पानं मलूल होतात, काही गळतात आणि फांद्यांत अन्नसाठा होतो. हलक्या, मुरमाड जमिनीत महिनाभरात काम भागतं. भारी काळ्या जमिनीत ओल लवकर सुटत नाही, तिथं दीड-दोन महिनेही जातात. मग वखरणी, खत, पाणी, आणि जानेवारी-फेब्रुवारीत बाग फुलते. पावसाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या मृग बहाराचा ताण ऐन मे महिन्यात बसतो आणि मृगाच्या पावसानं तुटतो. ताण कमी पडला तर नुसतीच पालवी फुटते. जास्त झाला तर फांद्या वाळतात आणि पुढच्या वर्षाचंही नुकसान होतं.

हा सगळा अंदाज शेतकरी पान बघून घेतो. वर्षानुवर्षं बागेत फिरलेल्या माणसाची नजर यात फार पक्की असते, आणि कुठल्याही यंत्रानं तिची जागा घ्यावी असं मला वाटत नाही. पण पान मलूल दिसायला लागतं तोवर झाडात बरंच काही घडून गेलेलं असतं. आणि दहा एकरांच्या बागेत मधल्या ओळीतलं ठिबक चोंदलंय, हे धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दिसत नाही.

झाड पाणी पितं त्यातलं बहुतेक पाणी पानांवरच्या बारीक छिद्रांतून, म्हणजे पर्णरंध्रांतून, वाफ होऊन उडून जातं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता लागते, आणि ती पानातून ओढली जाते. उन्हाळ्यात माठातलं पाणी गार राहतं त्यामागं हेच कारण आहे. मुळांना पाणी कमी पडू लागलं की झाड आधी पर्णरंध्रं मिटून घेतं. वाफ थांबते आणि पान तापायला लागतं. पान अजून हिरवंगार आहे, वळलेलं नाही, पण त्याचं तापमान शेजारच्या पाणी मिळालेल्या झाडापेक्षा काही अंशांनी चढलेलं असतं. डोळ्याला न दिसणारी ही खूण उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याला दिसते. याच तत्त्वावर 1981 साली अमेरिकेत शेरवुड इड्सो आणि रे जॅक्सन यांनी पिकाच्या पाणीताणाचा निर्देशांक मांडला. शून्य म्हणजे झाड पोटभर पाणी पितंय, एक म्हणजे वाफ पूर्ण थांबलीय.

उपग्रहावरून पीक पाहण्याची ओळखीची रीत मात्र वेगळी आहे. हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेतं, आणि पानाच्या आतली पेशींची रचना डोळ्याला न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश परत फेकते. या दोन्हींच्या फरकाला त्यांच्या बेरजेनं भागलं की 'एनडीव्हीआय', म्हणजे पिकाच्या हिरवेपणाचा निर्देशांक, मिळतो. मोबाइलवरच्या शेतीच्या ॲपमध्ये हिरवे-पिवळे-लाल डाग दिसतात ते बहुतेक याचेच. कपाशी किंवा सोयाबीनसाठी तो चांगला चालतो. संत्र्याचं पान मात्र सदाहरित, जाड आणि मेणचट. ते तहानलं तरी हिरवेपणा लगेच सोडत नाही. म्हणून संत्र्यात एनडीव्हीआय उशिरा बोलतो. तो घसरलेला दिसला तेव्हा पानगळ सुरू झालेली असते. त्याआधीची गोष्ट कळायला लघुतरंग अवरक्त पट्टा उपयोगी पडतो. हा प्रकाश पानातलं पाणी शोषतं, त्यामुळं पानातलं पाणी घटलं की परावर्तन वाढतं. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांवर हा पट्टा आहे. ते 786 किलोमीटर उंचीवरून दर पाच दिवसांनी त्याच जागेवरून जातात आणि त्यांची चित्रं कुणालाही फुकट मिळतात.

या विद्येचा बराच अभ्यास द्राक्षबागांत झाला. कॅलिफोर्नियात 2013पासून अमेरिकेच्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी एका मोठ्या वाइन कंपनीच्या बागांमध्ये जमिनीवरची उपकरणं, विमानं आणि उपग्रह असं सगळं एकत्र लावून वेली रोज किती पाणी वाफ करतात ते मोजलं. वाइनच्या द्राक्षालाही मुद्दाम थोडं तहानलेलं ठेवतात, त्यानं मण्याचा रस घट्ट होतो. म्हणजे किती तहान चालेल, हा तिथलाही प्रश्न, आणि म्हणूनच ते काम आपल्या संत्र्याला जवळचं आहे.

पण तिथली बाग आणि काटोल-नरखेडची बाग यांत आकाराचा मोठा फरक आहे, आणि इथंच मामला अडतो. संत्र्याची लागवड सहा बाय सहा मीटरवर धरा. उपग्रहाचं चित्र चौकोनी ठिपक्यांचं बनतं, अशा एका ठिपक्यात जमिनीचा जेवढा तुकडा येतो ती त्याची चौकट. सेंटिनेल-2च्या दहा मीटरच्या एका चौकटीत जेमतेम तीन झाडं बसतात. पाणी ओळखणाऱ्या लघुतरंग पट्ट्याची चौकट वीस मीटरची, तीत अकरा झाडं. उष्णता टिपणारा लँडसॅट उपग्रह मुळात शंभर मीटरची चौकट पाहतो. ती झाली एक हेक्टर, म्हणजे पावणेतीनशे झाडं. अडीच एकरांची अख्खी बाग एका चौकटीत, आणि ती चौकट धुऱ्याशी जुळत नाहीच. तीत शेजाऱ्याचं कपाशीचं वावर, पांदण, गोठ्याचे पत्रे सगळं मिसळतं. शिवाय दोन ओळींमधली उघडी काळी जमीन मे महिन्यात हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. चित्रात चौकट लाल दिसली तर तापलंय झाड की माती, हे वेगळं काढावं लागतं. हिवाळ्यात याच्या उलट होतं: ओळींमधलं तण हिरवं असतं आणि ताणावरची बागही टवटवीत भासते. लँडसॅट जातो सकाळी दहाच्या सुमारास, तहान खरी दिसते दुपारी दोनला, ही आणखी एक अडचण. 2018मध्ये अंतराळ स्थानकावर बसवलेला इकोस्ट्रेस हा कॅमेरा दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी सुमारे सत्तर मीटरच्या चौकटीत तापमान टिपतो. त्यानं ही उणीव थोडी भरून काढली.

मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट पुढची. झाड पाणी पीत नाहीये एवढंच उपग्रह सांगतो, का पीत नाहीये ते तो सांगत नाही. फायटोफ्थोरा बुरशीनं मुळं कुजली, बुंध्यातून डिंक गळवणारा डिंक्या रोग लागला, की मुळाशी चिखल असूनही झाड तहानलेलंच राहतं. पर्णरंध्रं मिटतात, पान तापतं, चित्रात डाग लाल होतो. आता तो डाग बघून कुणी तिथं आणखी पाणी सोडलं तर बुरशीला हवं तेच मिळालं! म्हणून लाल डाग म्हणजे तिथं जाऊन बघायची सूचना, इतकाच अर्थ घ्यावा. आळ्यातली वीतभर माती उकरा, मुठीत दाबा. ढेकूळ बांधला जात असेल आणि पान तरी मलूल असेल, तर बारीक मुळ्या काढून बघा. रोगट मुळीची साल बोटानं ओढली की सहज सुटून येते.

आंबिया आणि मृग दोन्ही बहारांचे ताण निरभ्र आकाशाच्या दिवसांत येतात, ही मात्र जमेची बाजू. डिसेंबर आणि मेमध्ये चित्रं स्वच्छ मिळतात. पावसाळ्यात ढग आड येतात. तिथं ढगांपलीकडचं पाहणारं रडार लागतं. इस्रो आणि नासाचा निसार उपग्रह 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोट्याहून गेला, तो दर बारा दिवसांनी जमिनीच्या ओलाव्याचा अंदाज देण्यासाठी आहे. बागेतल्या एका ओळीसाठी नव्हे, शिवारासाठी त्याचा उपयोग.

सध्या मोबाइलवर ही चित्रं बघणाऱ्यानं आपल्या बागेची तुलना शेजाऱ्याच्या बागेशी करू नये. जात, वय, जमीन, कलम ज्यावर बांधलं तो खुंट, सगळं वेगळं असतं. तीच चौकट गेल्या वर्षी याच आठवड्यात कशी होती, ताण तोडल्यावर ती किती दिवसांत सावरली, हे बघावं. तीन-चार वर्षांची अशी नोंद झाली की आपल्या जमिनीत ताण किती दिवसांत बसतो ते कळायला लागतं, आणि बागेचा कुठला कोपरा दरवर्षी मागं पडतो तेही.

वरूड-मोर्शीत भूजलाचा उपसा पावसानं होणाऱ्या भरणापेक्षा जास्त आहे. बोअर खोल खोल जात राहिले आणि 2019च्या उन्हाळ्यात बागाच्या बागा वाळल्या. केंद्र सरकारच्या अटल भूजल योजनेत गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात झाली. त्यात पाऊस मोजता येतो, विहिरींची पातळी मोजता येते. पिकांनी प्रत्यक्ष किती पाणी वाफ केलं हा आकडा बहुधा ठोकताळ्यानं भरला जातो. तो आकडा शिवाराच्या पातळीवर उपग्रह बऱ्यापैकी देऊ शकतो, कारण शंभर मीटरची चौकट बागेला मोठी पडली तरी गावाला पुरेशी बारीक आहे. ग्रामसभेत ताळेबंद वाचला जाईल तेव्हा संत्र्याच्या रकान्यात हा मोजलेला आकडा असायला हवा, आणि तो ज्यांच्या विहिरींतून आला त्यांना तो तपासता यायला हवा.