पोनी कूपे ते एन: कोरियन गाड्यांत हा जोर आला कुठून

ह्युंदाई म्हटलं की आपल्याकडे अजून सँट्रोच आठवते, ती १९९८ वाली, उंच टपाची. त्यामुळे हीच कंपनी ६५० पीएसची (म्हणजे जवळपास तेवढ्याच हॉर्सपॉवरची) इलेक्ट्रिक गाडी विकते म्हटलं की लोक विचारतात, हे एकदम कुठून आलं? एकदम नाही आलं.

ह्युंदाई मोटर १९६७ ची, चुंग जू-युंग यांनी काढलेली, आणि सुरुवातीला उल्सानच्या कारखान्यात नुसती फोर्डची कॉर्टिना जोडायचं काम. मग स्वतःची गाडी काढायची ठरली तेव्हा यांच्याकडे ना डिझायनर ना इंजिन, म्हणून सगळं बाहेरून आणलं, डिझाईन इटलीच्या जॉर्जेटो जुजारोचं, इंजिन मित्सुबिशीचं, आणि काम मार्गी लावायला ब्रिटिश लेलँडमधला जॉर्ज टर्नबुल. १९७४ ला तुरिनच्या शोमध्ये पोनी दाखवली आणि सोबत पोनी कूपे, म्हणजे तिचीच दोन दारी स्पोर्ट्स आवृत्ती, पाचरीसारख्या नाकाची, आजही बघत राहावी अशी. पोनी रस्त्यावर आली, कूपे काही आली नाही, आणि पुढे तिचा नमुनाही हरवला. म्हणजे बघा, पहिल्याच गाडीसोबत स्पोर्ट्स कारची हौस होती, पैसा नव्हता.

मग एक्सेल. १९८६ ला अमेरिकेत ४,९९५ डॉलरला, पहिल्याच वर्षी १ लाख ६८ हजारांवर खपली, आणि थोड्याच दिवसांत खुळखुळा व्हायला लागली, टीव्हीवर जोक सुरू झाले. माझ्या मते पुढचं सगळं या नाचक्कीतून आलंय. १९९१ ला स्वतःचं पहिलं इंजिन, अल्फा. मग अमेरिकेत १० वर्षं किंवा १ लाख मैलांची वॉरंटी. मधे किया या दुसऱ्या कोरियन कंपनीने तर लोटस या ब्रिटिश कंपनीकडून तिच्या एलान या स्पोर्ट्स कारचा सगळा साचाच विकत घेऊन ती कोरियात बनवली, आता कोणाला आठवत पण नाही. अ‍ॅक्सेंट घेऊन ह्युंदाईवाले डब्ल्यूआरसी, म्हणजे जागतिक रॅली स्पर्धेत पण उतरले होते, २००३ चा सीझन अर्धवट टाकून परत.

खरं वळण २०१३ नंतरचं. जर्मनीतल्या नुर्बर्गरिंग या रेस ट्रॅकला टेस्ट सेंटर, २०१४ ला रॅलीत पुन्हा एंट्री, आणि २०१५ ला थेट बीएमडब्ल्यूच्या एम या स्पोर्ट्स विभागातला इंजिनिअर अल्बर्ट बियरमान उचलला. यांच्या वेगवान गाड्यांच्या नावातलं एन हे अक्षर पण तिथलंच, नामयांग हे यांचं रिसर्च सेंटर आणि नुर्बर्गरिंग. २०१७ ची आय३० एन मॅन्युअल होती, खालचा गिअर टाकला की गाडी स्वतःच थ्रॉटल देऊन आरपीएम जुळवते, आणि तुम्हाला पायानेच करायचं असेल तर स्टिअरिंगवर बटण आहे, दाबा आणि बंद करा. हे बटण देणारा माणूस गाडी चालवणारा असणार, मीटिंगमधला नाही.

सुरुवातीला म्हटलेली ६५० पीएसची इलेक्ट्रिक म्हणजे २०२३ ची आयोनिक ५ एन, हिच्यात तर गिअरबॉक्सच नाही, तरी स्टिअरिंगमागचं पॅडल ओढलं की मोटर मुद्दाम झटका देते, रेडलाइनला अडते. खोटं आहे, पण मजा खरी आहे. आपल्याला मात्र १ लिटर टर्बोची आय२० एन लाइन, १२० पीएस. २०४ पीएसवाली खरी आय२० एन इकडे आलीच नाही.

आणि ती हरवलेली कूपे? ह्युंदाईने जुजारोंनाच सोबत घेऊन ती जुन्या फोटोंवरून पुन्हा बनवली आणि मे २०२३ मध्ये इटलीत कोमो तळ्याकाठी दाखवली. जुजारो तेव्हा ८४ वर्षांचे होते.