नव्या गाडीचे पहिले ऑइल लवकर बदलावे का?

नव्या मोटारीची पहिली सर्व्हिस साधारणपणे महिन्याभरात किंवा १,००० किलोमीटरला होते आणि तेव्हा इंजिन ऑइल बदलले गेले असणार, असे बरेच मालक गृहीत धरतात. जॉब कार्ड, म्हणजे सर्व्हिसमध्ये केलेल्या कामांची नोंद, नीट वाचले तर कळते की, बहुतेक गाड्यांची त्या दिवशी फक्त तपासणी झालेली असते. कारखान्यात भरलेले ऑइल तसेच राहते आणि अनेक पेट्रोल गाड्यांमध्ये ते १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल तोवर चालवायचे असते. घरातल्या मोटारसायकलचे ऑइल मात्र पहिल्याच सर्व्हिसला बदलतात, त्यामुळे मोटारीच्या बाबतीत आपली फसवणूक तर होत नाही ना, अशी शंका येणे स्वाभाविक आहे.

या शंकेला आधार नाही असे नाही. सिलिंडरच्या आतील पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत नसतो. ऑइल धरून ठेवता यावे म्हणून त्यावर होनिंगच्या, म्हणजे खरखरीत दगडाने घासण्याच्या, प्रक्रियेने एकमेकांना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघा मुद्दाम पाडलेल्या असतात. पिस्टन रिंगा, म्हणजे सिलिंडरमध्ये वर-खाली होणाऱ्या पिस्टनभोवतीच्या कड्या, त्यावर घासू लागल्या की, रेघांमधले उंचवटे झिजतात, रिंग आणि सिलिंडर एकमेकांशी जुळून बसतात आणि झिजलेले लोखंड ऑइलमध्ये उतरते. बेअरिंग व पिस्टनमधून थोडे तांबे आणि ॲल्युमिनियम, तर जोडांना लावलेल्या सीलंटमधून सिलिकॉन येते. हे पहिले ऑइल काढून उन्हात धरले, तर कधी कधी त्यात धातूची चमक डोळ्यांनाही दिसते. प्रयोगशाळेच्या अहवालातही लोखंडाचे प्रमाण पहिल्या ऑइलमध्ये सर्वांत जास्त आणि पुढच्या प्रत्येक बदलात कमी होत गेलेले आढळते.

मग ऑइल फिल्टर काय करतो? साधारण २० ते ३० मायक्रॉनपेक्षा मोठे कण तो बऱ्यापैकी अडवतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग आणि आपला केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. त्याहून बारीक कण बऱ्याच अंशी फिल्टरमधून निसटतात, आणि बेअरिंगमधला ऑइलचा थर काही ठिकाणी जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा असल्याने हे निसटलेले कण अगदीच निरुपद्रवी म्हणता येत नाहीत. तरीही जुन्या काळाशी तुलना करता चित्र पुष्कळ बदलले आहे. अँबॅसेडर किंवा पद्मिनी नवी असताना मागच्या काचेवर ‘रनिंग इन’ लिहून ती हळू चालवत, कारण इंजिनाचे उरलेले काम जणू रस्त्यावरच पूर्ण होत असे. आता होनिंगच्या शेवटच्या टप्प्यात उंचवट्यांची टोके कारखान्यातच कापली जातात, त्यामुळे सुरुवातीची झीज कमी होते आणि लवकर थांबते.

मोटारसायकलचा नियम मोटारीला लावता येत नाही, कारण तिथे बहुधा इंजिन, गिअर आणि क्लच यांना एकच ऑइल पुरते. गिअरच्या दात्यांची आणि क्लच प्लेटची सुरुवातीची झीजही त्याच लिटरभर ऑइलमध्ये जमा होते, आणि १०० सीसीच्या अनेक गाड्यांत कागदी फिल्टरही नसतो.

कंपन्यांमध्येही एकमत नाही. बीएमडब्ल्यूच्या जोरकस ‘एम’ गाड्यांना सुमारे २,००० किलोमीटरला ऑइल बदलून घ्यावे लागते, तर होंडाच्या अनेक मॅन्युअलमध्ये ठरलेल्या वेळेआधी ऑइल बदलू नये, असे बजावलेले आहे. शिवाय ऑइलमधील जस्त-फॉस्फरसयुक्त घटक उष्णता आणि घर्षणाने धातूवर संरक्षक पापुद्रा तयार करतात, आणि तो जमायला वेळ लागतो. म्हणून दर १,००० किलोमीटरला ताजे ऑइल घालत राहिल्याने इंजिन अधिक सुरक्षित होते, असा समज करून घेऊ नये.

माझ्या मते, चार-पाच वर्षांत गाडी विकणाऱ्याने मॅन्युअलप्रमाणेच चालावे. पंधरा वर्षे तीच गाडी वापरायची असेल, आणि मॅन्युअलमध्ये मनाई नसेल, तर १,५०० ते २,५०० किलोमीटरच्या दरम्यान एकदाच, फिल्टरसकट ऑइल बदलणे हा माफक खर्चाचा विमा आहे. लहान मोटारीला साधारण तीन-साडेतीन लिटर ऑइल लागते. ग्रेड, म्हणजे ऑइलचा जाड-पातळपणा दाखवणारा क्रमांक, मात्र मॅन्युअलमध्ये दिलेलीच हवी. ०डब्ल्यू-२० सांगितले असताना ‘जाड ऑइल चांगले’ म्हणून २०डब्ल्यू-५० ओतू नये. वॉरंटीसाठी बिल जपून ठेवावे.

याहून जास्त फरक पहिल्या १,००० किलोमीटरच्या चालवण्याने पडतो. जळलेल्या वायूचा दाब रिंगेच्या मागे जाऊन तिला सिलिंडरवर दाबतो, त्यामुळे गाडी अति जपून चालवणेही बरे नव्हे. वेग बदलता ठेवावा, वरच्या गिअरमध्ये इंजिन कण्हत चढ चढवू नये, आणि महामार्गावर तासन्‌तास एकाच वेगाने किंवा पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून पळवू नये.

बीएस-६ या प्रदूषण निकषाची डिझेल गाडी रोज दोन-चार किलोमीटरच धावत असेल, तर प्रश्न निराळाच होतो. धुराच्या नळीतील फिल्टरमध्ये साठलेली काजळी जाळण्यासाठी जे जादा डिझेल सोडले जाते, त्यातील काही सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये मिसळते, आणि जाळण्याची ही क्रिया वारंवार अर्धवट राहिली की हे प्रमाण वाढत जाते. ऑइल काळे झाले एवढ्यावरून ते खराब ठरत नाही, कारण डिझेल इंजिनात ते काही शे किलोमीटरमध्येच काळवंडते. पण डिपस्टिकवरची, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवरची, पातळी घटण्याऐवजी वरच्या खुणेपलीकडे चढलेली दिसली, तर १०,००० किलोमीटरची वाट न पाहता ते बदलून घ्यावे.